सुक्या मासळीचं काय?

'कोळी महिलांनी खेकडापालनाकडे वळावं, हवामानबदलावर तोच उपाय' हे लेखातलं म्हणणं मला अपुरं वाटलं. खेकड्याचं बी, म्हणजे पिल्लं, विकत घ्यायचं, खाद्य म्हणून पुन्हा मासळीच टाकायची, कात टाकलेला मऊ खेकडा बाकीचे फाडून खातात म्हणून राखण करायची. एवढं भांडवल कुणाकडे आहे?

माझी आई वसईत बोंबील सुकवते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, वलांडीवर (मासळी सुकवायच्या बांबूंच्या मांडणीवर) घातलेला माल भिजून काळा पडला, अळ्या झाल्या, कोंबडीखाद्याच्या भावाने द्यावा लागला. पंचनाम्यात होड्या-जाळी लिहिली, बायकांची मासळी नाही. आधी हा चालता धंदा वाचवा. महिला गटांना सौर ड्रायर द्या, सुक्या मासळीचं नुकसान भरपाईत धरा. मग खेकड्यांचं खुशाल बोला.