अस्तर नाही हो, रंगच आहे तो

काल सकाळी दूधवाल्यानं पातेल्यात दूध ओतता ओतता अंगणातल्या ट्रॅक्टरवर नजर टाकली आणि मनापासून म्हणाला, "अस्तर मस्त बसलं भाऊ. आता रंग कोणता मारून राहिले?"

मी दूध घेतलं आणि आत आलो. रंग मारून झाला आहे. तो समोर दिसतो ना, करडा, तोच रंग. अस्तर त्याच्या खाली आहे, रेड ऑक्साईडचं, आणि ते बघायचं असेल तर आता पत्रा खरवडावा लागेल. पण हे मी किती जणांना सांगू? कुरिअरवाला, मीटर वाचणारा, बायकोची भिशी, वर्गणी मागायला आलेली पोरं, सगळे येतात, मान डोलवतात आणि रंगाची तारीख विचारतात.

ट्रॅक्टर मामांचा. काटोलकडच्या त्यांच्या संत्र्याच्या बगीच्यात चालायचा. फर्ग्युसन टीई-२०. बुटका असल्यामुळे फांद्या न मोडता झाडांच्या ओळींतून जायचा. मामांच्या मागे त्याच्यावर कोंबड्या बसायला लागल्या आणि मामेभाऊ भंगारवाल्याला फोन करणार तेवढ्यात मी तो घेऊन आलो. घरी त्यावर काय बोलणं झालं ते सोडा. इंजिनाचं काम मिस्त्रीनं चोख केलं, तेही सोडा. सगळं रामायण रंगाचं आहे.

हॅरी फर्ग्युसन हा आयरिश गृहस्थ महा हट्टी. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीला पाच लाखांवर टीई-२० तयार झाले आणि सगळे करडे. मागे जोडायची अवजारंसुद्धा करडी. हेन्री फोर्डशी यानं १९३८ साली नुसत्या हस्तांदोलनावर धंदा ठरवला होता आणि पुढे बिनसल्यावर फोर्डच्याच कंपनीला कोर्टात खेचलं. असा माणूस रंग ठरवताना शेजाऱ्यांना विचारणार नाही. मीही विचारणार नव्हतो.

पण शेजारी बघणार नाहीत अशी सोय आमच्या गल्लीत उरलेली नाही. आमच्याकडे सिमेंटचा रस्ता झाला. जुना न खोदता त्याच्यावरच नवा ओतला, त्यामुळे रस्ता वर आणि आमची अंगणं खाली. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी सरळ पोर्चमध्ये येतं, तक्रार केली की "लेव्हल बरोबर आहे" असं उत्तर मिळतं. कुणाची लेव्हल, ते कुणी सांगत नाही. बाकी दिवस रस्ता म्हणजे प्रेक्षकांची गॅलरी. मी खाली वॉटर पेपर घासतोय आणि वर माणसं हात मागे बांधून उभी.

या गॅलरीत कायमची जागा समोरच्या काकाजींची. वीजखात्यातून निवृत्त. सकाळी फिरून आले की जे उभे राहतात ते नाश्त्याची हाक येईपर्यंत.

रंगकाम निघालं ते नेमकं मे महिन्यात. पारा पंचेचाळीसला टेकलेला. स्प्रे गनमधून निघालेला रंग पत्र्यावर पोचायच्या आत अर्धा वाळायचा. पेंटर म्हणाला, स्लो थिनर टाका आणि पहाटे मारा. पहाटे मारला, तरी बॉनेटवर बारीक खवले उठलेच.

"राहू द्या न भाऊ," काकाजी वरून म्हणाले. "नागपूरचा ट्रॅक्टर हाय. साल संत्र्याचीच असंल."

मी घासत राहिलो.

"पण रंग कोणता देता आता याले?"

"हाच, काकाजी. करडा."

"ते झालं अस्तर. रंग?"

"कंपनीचा रंगच हा होता."

काकाजींनी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. "माह्या साळ्याचा लाल हाय. मॅसी. दुरून दिसते."

मग मी, घामानं निथळत, हातात ओला कागद, त्यांना इतिहास सांगितला. की १९५३ साली फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिसशी एकत्र झाली, म्हणून पुढे मॅसी फर्ग्युसन, आणि लाल रंग त्याच्यानंतरचा. म्हणजे तुमच्या साळ्याचा लाल ट्रॅक्टर हा याचाच वंशज.

काकाजींचा चेहरा उजळला. "म्हंजे शेवटी त्यायनंही रंग मारलाच न!"

यावर काय बोलणार? मी हिलरीला मधे आणलं. म्हटलं, एव्हरेस्टवाला एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच जातीचे ट्रॅक्टर घेऊन. बर्फातून, शेकडो मैल. काकाजी खरोखर विचारात पडले. मला वाटलं, जिंकलो.

"अन् वापस?"

"काय वापस?"

"वापस कसा आला मानूस?"

"विमानानं," मी म्हणालो. दुर्दैवानं ते खरं आहे.

"अन् ट्रॅक्टर?"

मी वॉटर पेपर पाण्यात बुडवला.

"सोडून आला न तिथंच!" काकाजींनी शेजारून जाणाऱ्या भाजीवाल्यालाही थांबवून सांगितलं. "मोठा मानूस होता, त्याले समजलं."

नंतर त्यांना तो सुरू होताना पाहायचा होता. याचं स्टार्टर गिअरच्या दांड्यातच आहे, दांडा एका खुणेवर नेला की इंजिन फिरतं, म्हणजे गिअरमध्ये असताना तो चुकून सुरू होणारच नाही. मला विचाराल तर असली अक्कल आजच्या गाड्यांत दिसत नाही. काकाजी म्हणाले, "बटन खराब झालं असंल, म्हून मिस्त्रीनं जुगाड केला."

हे सगळं मी पचवलं. पण पान्याचं काय करू? फर्ग्युसनबरोबर कंपनीचा एक पाना यायचा, ट्रॅक्टरचे बहुतेक नट त्यानं निघायचे आणि त्याच्या अंगावर इंचांच्या खुणा होत्या, म्हणजे मोजपट्टीही तीच. मामांनी तो तेलाच्या फडक्यात जपला होता. काकाजींनी तो उन्हाळ्यात कूलरच्या स्टँडचा नट कसायला मागून नेला. मी नाही म्हणू शकलो नाही, काकूंनी नुकतीच सांडग्यांची ताटली पाठवली होती. मग कूलर गच्चीवर गेले, पाऊस आला, पाना आला नाही. मी आठवण केली की काकाजी म्हणायचे, "देतो न, पळून चाललो काय?"

काल संध्याकाळी आणून दिला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला. उघडला तर गर्द हिरवा, चकचकीत, त्यांच्या गेटचाच ऑइल पेंट.

"तुमच्यानं त रंग होऊन नाही राहिला," काकाजी म्हणाले. "म्हटलं, निदान पाना करून देऊ."

मी अंगठ्यानं इंचांच्या खुणा चाचपल्या. एकही लागेना.

"ते खरखर होतं न भाऊ," ते म्हणाले. "लांबी भरून सपाट केलं."