आपला किल्ला नेहमी दुसऱ्याच्याच भूमिकेत

वादाला तोंड फोडलं धाकट्याने. तो लग्नांचं शूटिंग करतो, त्यामुळे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या कट्ट्यावर सिनेमाचा विषय निघाला की पहिला शब्द त्याचाच. म्हणाला, “‘पोन्नियिन सेल्वन’ या तमिळ सिनेमाचं काही चित्रण आपल्या किल्ल्यावर झालंय. केवढी अभिमानाची गोष्ट!”

ताई इतिहास शिकवतात. त्या लगेच म्हणाल्या, “गोष्ट 10व्या शतकातल्या चोळांची. आणि आपल्या किल्ल्यावरचा मानमंदिर राजवाडा राजा मानसिंह तोमराचा, म्हणजे 1500 च्या आसपासचा. मधली 500 वर्षं कुठे गेली?”

“ताई, लोकेशन ते लोकेशन! स्कॉटलंडमधला डून किल्ला घ्या. 1975 च्या ‘माँटी पायथन अँड द होली ग्रेल’च्या वेळी बाकीच्या किल्ल्यांच्या परवानग्या ऐनवेळी नाकारल्या गेल्या. मग त्यांनी डूनच्याच वेगवेगळ्या बाजू वेगवेगळे किल्ले म्हणून खपवल्या. पुढे ‘आउटलँडर’ मालिकावाले तिथेच आले. आज लोक त्यासाठी तिकीट काढून जातात.”

अण्णांना ‘कुछ कुछ होता है’च्या गाण्यातला पाण्याकाठचा किल्ला आठवला. तो एलन डोनन, तोही स्कॉटलंडचाच. 1719 मध्ये ब्रिटिश नौदलाने तोफा डागून तो घेतला आणि सुरुंगाने उडवून दिला, 200 वर्षं तसाच पडून होता, आणि पुन्हा बांधून पूर्ण झाला 1932 मध्ये. म्हणजे आज पडद्यावर दिसतो तो किल्ला आपल्या 1874 च्या जयविलास राजवाड्याहूनही नवा.

उसनवारीबद्दल माझी तक्रार नाही. दिग्दर्शकाला भिंत हवी असते, ती त्याने जिथे मिळेल तिथून घ्यावी. पण ग्वाल्हेरचा किल्ला सतत दुसऱ्याचं सोंग घेऊन उभा राहतो आणि त्याची स्वतःची गोष्ट कुणी मोठ्या पडद्यावर मांडत नाही, हे मला खरोखर लागतं. अण्णा म्हणाले, रोज संध्याकाळी वर प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम असतोच की. असतो, आणि चांगला असतो. पण त्यात भिंती उजळतात, माणूस दिसत नाही.

माझ्या मनात आहे ती 1780 ची गोष्ट. तेव्हा किल्ला महादजी शिंद्यांच्या ताब्यात होता. इतका उंच, उभ्या कड्यांचा गड, वर पाण्याची टाकी भरलेली. तोफा लावून तो पडेल असं कुणालाच वाटत नव्हतं. ऑगस्टमधल्या एका रात्री ईस्ट इंडिया कंपनीचा कॅप्टन पॉपहॅम शिड्या घेऊन कड्याखाली आला. पायांचा आवाज होऊ नये म्हणून शिपायांच्या जोड्यांत कापूस भरलेला होता. वाट कळली होती ती चोरीसाठी वर चढणाऱ्या लोकांकडून, शेजारच्या गोहद संस्थानच्या राणाच्या माणसांमार्फत. पहारा सावध होईपर्यंत माणसं तटावर पोचली होती. जवळपास रक्त न सांडता गड गेला.

अण्णा चिडले. “आपण हरलो ते बघायला तिकीट कोण काढणार रे?”

“‘पावनखिंड’ पाहिलात ना? बाजीप्रभू पडतात, तरी थिएटरं भरली.”

“तिथे महाराज विशाळगडावर पोचले. इथे कोण पोचलं?”

मुद्दा बिनतोड होता आणि मला लगेच उत्तर सुचलं नाही. ताईंना सुचलं. त्या म्हणाल्या, “‘तान्हाजी’ बघताना आपण कड्यावर चढणाऱ्यांच्या बाजूने असतो. रात्र, कडा, गाफील पहारा, सगळं आपल्या फायद्याचं. इथे तीच रात्र, तसाच कडा, पण आत आपण. कोंढाण्यावर ज्याला टाळ्या वाजवल्या, तेच आपल्यावर आलं की कसं वाटतं, हे एकदा बघायला नको? गड तटबंदीने राखला जात नाही, जाग्या माणसांनी राखला जातो, हे त्याशिवाय कळत नाही.”

मला हे शंभर टक्के पटलं. आपल्याकडच्या गडांच्या चित्रपटांत गड नुसता जिंकायचा असतो. राखायचा कसा, वर धान्य किती दिवस पुरतं, दरवाजाची किल्ली कुणाकडे, रात्रीचा पहारा कधी बदलतो, यावर दोन मिनिटंही खर्च होत नाहीत. खरा ताण तिथेच असतो.

धाकट्याच्या अडचणी वेगळ्या. मानमंदिरातले चौक लहान, कॅमेरा मागे घ्यायला जागा नाही. पुरातत्त्व खातं भिंतीला खिळा मारू देणार नाही. तेव्हा आतला भाग सेटवर, बाहेरचा कडा मात्र खरा. आणि शेवट 1783 मध्ये करायचा, कारण महादजींनी किल्ला परत घेतला!

“म्हणजे पुन्हा जिंकूनच संपवायचं,” ताई म्हणाल्या. “मधला 1782 चा मराठे आणि इंग्रजांमधला सालबाईचा तह गाळणार? सालबाई इथलंच गाव आहे.”

“तह कोण बघतं? आणि खलनायक ठरलेलाच आहे, वाट दाखवणारा,” अण्णा म्हणाले.

“गोहदवाल्यांना विचारा. किल्ल्यावर त्यांचाही दावा होता. त्यांच्या लेखी तो खलनायक कसा?”

यावर अण्णा आणि ताईंची चांगलीच जुंपली. धाकट्याने मात्र तेवढ्यात पहिला प्रसंग ठरवून टाकला: पॉपहॅम नाही, महादजी नाही, आधी ते चोर कडा चढताना दाखवायचे.