डोळ्याच्या कॅन्सरवर तुपाचे थेंब? अजिबात नाही

रविवारी रात्री मावसबहिणीचा फोन आला. तिच्या दीड वर्षाच्या लेकीला रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांना होणारा डोळ्याचा कॅन्सर आहे, सोमवारी केमो सुरू व्हायची होती. आणि ही विचारतेय, “दादा, महिनाभर थांबलो तर?” कारण फॅमिली ग्रुपवर एका काकांनी टाकलेला मेसेज: गाईच्या तुपातलं ब्युटिरेट (ब्युटिरिक आम्लाचं रूप) डोळ्यातल्या कॅन्सरच्या पेशी निरोगी करतं, अमेरिकेत सिद्ध झालंय, केमोने डोळा जातोच, ती टाळा, महिनाभर रोज दोन थेंब डोळ्यात सोडा.

प्रयोग झालाय, एवढं कबूल. 1986 साली अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी तो छापला. पण तो वाय-79 नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या रेटिनोब्लास्टोमाच्या पेशींवर होता. या पेशी एरवी द्रवात घोसाघोसाने तरंगतात, तळ धरत नाहीत. भांड्याच्या तळाला पॉली-डी-लायसिनचा लेप देऊन त्या चिकटवल्या, ब्युटिरेटसारखी रसायनं दिली, तेव्हा त्यांची रूपं बदलली. रसायन बदललं की रूपही वेगळं. म्हणजे नुसतं रसायन नाही, पेशी कशाला चिकटली आहे हेही तितकंच महत्त्वाचं. मुलांच्या डोळ्यात कित्येकदा या गाठीचे कण बुबुळामागच्या जेलीत तरंगत असतात. तिथे लेप कोण देणार?

आणि रूप बदललं म्हणजे पेशी निरोगी झाली, हे कुणी ठरवलं? ज्याच्या बिघाडातून हा कॅन्सर बहुतेकदा होतो, ते बिघडलेलं आरबी-1 जनुक तसंच बिघडलेलं राहतं.

आता तूप. त्यातलं ब्युटिरिक आम्ल मोकळं नसतं, स्निग्ध पदार्थाच्या रेणूत बांधलेलं असतं. डोळ्यात सोडलं तर ते पुढच्या पडद्यावर पसरतं. गाठ पार मागे, नेत्रपटलावर. खाल्लं तर आतडं आणि यकृतच ते वापरून टाकतात. ब्युटिरेट थेट शिरेतून दिलं तरी रक्तात काही मिनिटांतच निम्मं होतं.

‘केमोने डोळा जातोच’ हेही खोटं. वेळेत आलेल्या कित्येक मुलांचा डोळा केमो, लेसर, क्रायोने (गाठ गोठवण्याच्या उपचाराने) वाचतो. डोळा काढावा लागला तरी तो जीव वाचवायला. गाठ डोळ्यातच आहे तोवर बहुतेक मुलं वाचतात. दृष्टीच्या नसेतून ती मेंदूकडे सरकली की खेळच बदलतो, आणि काका, तुम्ही सांगताय महिनाभर थांबा!

सोमवारी केमो सुरू झाली. मेसेज टाकणाऱ्या काकांना हे सगळं पाठवलंय. काका, तो मेसेज अजून ग्रुपवर आहे. आज काढा, आणि ज्यांना ज्यांना पुढे पाठवलात त्यांना स्वतः फोन करा.