कंपनी काढताय? आधी घराला रंग द्या

कंपनी काढायची ठरवलीत ना, मग पहिला खर्च घराच्या रंगाचा धरा. भांडवल, सीए, लोगो हे सगळं नंतर. तुमच्यासारख्या होतकरू माणसाची कंपनी कुठं निघते हे लातूरपासून नांदेडपर्यंत सगळ्यांना माहीत आहे: पुढच्या खोलीत, कूलर आणि शिलाई मशीनच्या मधल्या जागेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नं त्या खोलीला आता ‘नोंदणीकृत कार्यालय’ केलं आहे. दारावर कंपनीचं नाव आणि पूर्ण पत्ता रंगवायचा, तोही इथल्या लिपीत वाचता येईल असा. बिलावर आणि लेटरहेडवर पत्ता, फोन, ईमेल छापायचा. २०१९ साली तर सरकारनं एक फॉर्म आणला आणि त्यासोबत इमारतीचा बाहेरून एक फोटो, आतून एक फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश मागितले. आतल्या फोटोत डायरेक्टर बसलेला दिसला पाहिजे. पोपडे आलेल्या भिंतीपुढं बसून तुम्ही देशाच्या दप्तरात जाणार का? म्हणून म्हणतो, रंग द्या.

दोन खुर्च्याही ठेवा. २०२२ पासून कंपनी निबंधकाला, म्हणजे कंपन्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, शंका आली तर पत्ता खरा आहे का ते बघायला तो स्वतः येऊ शकतो. त्या भागातल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर पडताळणी करायची, वाटलं तर पोलिसांची मदत घ्यायची, असा नियमच आहे. आपल्या गल्लीत साक्षीदारांचा तुटवडा नाही; गाडी थांबायच्या आत दहा जण जमतात. अडचण एवढीच, की ते स्वतंत्र हवेत. एक भावकीतला निघतो, दुसऱ्याशी नालीच्या पाण्यावरून बोलणं बंद असतं.

कागद जमवताना घाबरू नका, दोनच लागतात. एक लाईट बिल, दोन महिन्यांच्या आतलं. महावितरणचं बिल दर महिन्याला येतं, पण येतं आजोबांच्या नावानं, आणि आजोबांना जाऊन बरीच वर्षं झालेली असतात. नाव बदलून घ्यायला कुणालाच सवड झालेली नसते, कारण नाव बदलायचं म्हटलं की कुणाचं लावायचं हा प्रश्न येतो. दुसरा कागद म्हणजे जागामालकाची ना-हरकत. मालक वारलेले, म्हणून वारसांकडं जा. मोठे चुलते सही द्यायला एका पायावर तयार असतात. “सही देऊ की. पण कंपनी कामून काढायलास, अन् ह्या खोलीचं वाटणीत काय ठरलंय ते आदी सांग,” एवढंच विचारतात. अशा रीतीनं सरकारकडं अर्ज पोचायच्या आधी तुमची कंपनी संपूर्ण भावकीत नोंदली जाते. सरकारची नोंदणी ही त्यानंतरची औपचारिकता.

ती पूर्ण झाली, की कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तुमचा जन्म जाहीर होतो. कंपनीचं नाव, स्थापनेची तारीख, नोंदणीकृत पत्ता, अधिकृत भांडवल, भरणा झालेलं भांडवल (म्हणजे शेअरपोटी प्रत्यक्ष घातलेले पैसे), डायरेक्टरांची नावं. गुंतवणूकदारांनी बघावं, बँकांनी तपासावं, असा उदात्त हेतू. मराठवाड्यात ही सोय मुख्यतः सोयरिकीसाठी वापरावी अशी माझी नम्र शिफारस आहे. बायोडेटात ‘मुलगा स्वतःच्या कंपनीचा डायरेक्टर’ असं लिहून आलं, की मुलीच्या मामानं मोबाईल काढावा. भरणा झालेलं भांडवल: दहा हजार रुपये. कार्यालय: तेच घर, जिथं परवा चहा-पोहे झाले. दुसरा डायरेक्टर: मुलाची आई. मामा काही बोलत नाही, फक्त मोबाईल मुलीच्या बापाकडं सरकवतो. यासाठी लाखभर रुपयांच्या भांडवलाची किमान अट होती तेव्हा बरं होतं. २०१५ मध्ये ती काढून टाकली आणि कितीतरी पोरं उघडी पडली.

एवढ्यावर ज्यांचं भागत नाही, त्यांनी शंभर रुपये भरावेत. कलम ३९९ प्रमाणे निबंधकाकडचे कागद कुणालाही फी भरून बघता येतात. कुणालाही म्हणजे कुणालाही. कशाला हवेत, असं कुणी विचारत नाही. त्यात तुमचं मेमोरँडम, म्हणजे कंपनी काढतानाचा मूळ दस्तऐवज, असतं. त्याच्या शेवटच्या तक्त्यात, ज्यांनी पहिल्यांदा शेअर घेतले त्यांचं नाव, राहण्याचा पत्ता, व्यवसाय, डीआयएन (डायरेक्टरचा ओळख क्रमांक) किंवा पॅन, किती शेअर घेतले, असं सगळं ओळीनं मांडलेलं. शेतकरी उत्पादक कंपनी काढली असेल तर मजा दहापट, कारण तिथं किमान दहा उत्पादक लागतात. तुरीच्या भावासाठी एकत्र आलेली दहा माणसं. त्यातल्या निम्म्यांना ओटीपी आला की नातवाला हाक मारावी लागते, त्यांच्या डिजिटल सहीचं डोंगल सीएच्या टेबलाच्या खणात रबर लावून ठेवलेलं असतं, आणि त्यांच्या घराचा पत्ता मात्र कन्याकुमारीच्या माणसालाही शंभर रुपयांत मिळतो. तुरीला भाव मिळायचा तेव्हा मिळो, पत्त्याला तरी मिळाला.

पॅन लपवायचा असा काही विचार मनात आला असेल तर तो सोडा. जीएसटी नंबर काढून बघा: पहिले दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्र, आणि पुढची दहा अक्षरं पॅन, जशीच्या तशी: कंपनी असेल तर कंपनीचा, एकट्याच्या नावावरचा धंदा असेल तर थेट तुमचाच. हा नंबर प्रवेशद्वारावरच्या पाटीवर लावायचा असा नियम आहे. बँकेतून फोन आला तर ‘पॅन कुणाला सांगू नका’ हा सल्ला नीट ऐकून घ्या आणि दारावरची पाटी ओल्या फडक्यानं पुसून ठेवा. धुळीत अक्षरं दिसत नाहीत.

आता फोनविषयी. नोंदणीची बातमी तुम्ही बायकोला सांगायच्या आत पहिला फोन येतो. “सर, कंपनी सुरू केल्याबद्दल अभिनंदन, पंचवीस लाखांचं बिझनेस लोन मंजूर झालंय.” मग वेबसाइटवाला, मग ट्रेडमार्कवाला, मग ‘सर, तुमचं एक कम्प्लायन्स राहिलंय, आजच भरा नाही तर दंड’ असं सांगणारी एक अत्यंत गोड आवाजाची मुलगी. नंबर कुठून मिळाला असं विचारून त्यांना अवघडात टाकू नका. ‘सर, डेटाबेसमधून’ असं त्या बिचाऱ्या खरंच सांगतात. दर वर्षी लाखभराहून जास्त कंपन्या या देशात नोंदल्या जातात. एवढ्या गर्दीत कुणीतरी आपल्याला नावानिशी ओळखतंय, याचं समाधान माना.

फोनवरच भागत नाही, कधी माणूसही येतो. समजा, नांदेडात एक बाई घरातून पापड-कुरडया आणि काळा मसाला विकते. नवरा नोकरीला परभणीत, सासू जरा ऐकायला कमी. दुपारी दोन वाजता एक अनोळखी इसम दारात उभा. पाकीट फाटून आलं, पैसे परत पाहिजेत, पत्ता पाकिटावरच होता. खरंच होता, पॅकिंगच्या मालावर उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता छापणं सक्तीचं आहे, आणि ग्राहकाच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. पाकीट बदलून दिलं. तो पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. या वेळी पाकीट फाटलेलं नव्हतं, मसाला आवडला म्हणून सांगायला आला होता. अशा प्रसंगी काय करावं? पाहुणा समजून चहा टाकावा. मराठवाडा पाहुणचारासाठी प्रसिद्ध आहे. शिवाय कायद्याच्या नजरेत तो घरी आलेलाच नाही, नोंदणीकृत कार्यालयात आलाय, आणि पाटीवर तर तुम्हीच पत्ता लिहिलाय.

तुम्ही म्हणाल, गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे. आहे ना. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं तसं सांगितलंय. त्यावर २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. तो कलम ३ पर्यंत वाचा, पुढं वाचायची गरज पडणार नाही. कायद्यानं बंधन आहे म्हणून जी माहिती जाहीर केली गेली, तिला हा कायदा लागूच होत नाही. एका कायद्यानं पत्ता भिंतीवर रंगवायला लावायचा आणि दुसऱ्यानं सांगायचं, की भिंतीवरच्या गोष्टींचं आम्ही बघत नाही. २०२१ मध्ये मात्र खरोखर दया दाखवली गेली: सभासदांच्या नोंदवहीतला पत्ता, ईमेल आणि पॅन बघायला आलेल्या माणसाला दाखवायचा नाही, असा नियम झाला. नोंदवही झाकली. शंभर रुपयांचं मेमोरँडम उघडंच राहिलं.

परदेशात काय करतात तेही ऐकून ठेवा, म्हणजे आपली व्यवस्था किती पारदर्शक आहे ते कळेल. ब्रिटनमध्ये २००९ पासून डायरेक्टरला घराऐवजी पत्रव्यवहाराचा वेगळा पत्ता देता येतो. घर कुठं आहे ते सरकारला माहीत असतं, रस्त्यावरच्या माणसाला नाही. असले लाड आपल्याला परवडत नाहीत. अमेरिकेत तर कहरच. डेलावेअर किंवा वायोमिंग राज्यात एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढली तर मालकाचं नाव राज्याच्या नोंदणी अर्जात लिहावंच लागत नाही. डेलावेअरमधल्या विल्मिंग्टन शहरात नॉर्थ ऑरेंज स्ट्रीटवर १२०९ नंबरची एक बसकी इमारत आहे. दोन लाखांहून जास्त कंपन्यांचा कागदोपत्री पत्ता तोच. त्यांच्या सरकारला २०२१ मध्ये जाग आली, खरे मालक कोण ते आम्हाला कळवा असा कायदा केला, तो २०२४ मध्ये लागू झाला आणि मार्च २०२५ मध्ये देशी कंपन्यांना त्यातून सूटही देऊन टाकली. तुम्हालाही तिथं कंपनी काढायचा मोह झाला तर एवढं ध्यानात ठेवा, की आयकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा रकाना असतो.

पण डेलावेअरला जायचं काय कारण? आपल्याकडचे गुत्तेदार बघा. टँकरचं काम, रस्त्याचं काम, शाळेच्या खोल्यांचं काम, प्रत्येकाला वेगळी कंपनी. एकीत ड्रायव्हर डायरेक्टर, दुसरीत भाचा, तिसरीत सासूबाई, ज्यांना अजून वाटतं की ती सही गॅसच्या अनुदानाची होती. पत्ते खरे, लाईट बिलं खरी, फोटोत भाचा व्यवस्थित बसलेला. निबंधक दोन साक्षीदार घेऊन आला तरी सगळं जागच्या जागी सापडेल, भाचा चहाही पाजेल. फक्त मालक सापडणार नाही, कारण तो पाटीवर नाही. कायद्यानं याचाही बंदोबस्त केलाय: कलम ९० आणि त्याखालचे नियम म्हणतात, नाव कुणाचंही असो, ज्याचा खरा वाटा दहा टक्के किंवा जास्त आहे त्यानं स्वतः येऊन तसं जाहीर करावं, मग कंपनी निबंधकाला कळवेल. ज्यानं लपण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यानंच फॉर्म भरून सांगायचं, की मी इथं लपलोय. बेनामी व्यवहाराला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, म्हणजे फॉर्म भरायला भीतीही वाटू नये अशी सोय. गावात पारावर बसलेल्या कुणालाही विचारा, कंपनी कुणाची ते फी न घेता सांगेल. पण पारावरच्या माणसाला अपलोडची सोय नाही.

तर तुम्हाला दोन मार्ग आहेत. ड्रायव्हर असेल तर त्याच्या नावावर काढा. नसेल, आणि तुमच्यासारख्या प्रामाणिक माणसाकडं तो नसतोच, तर छत्रपती संभाजीनगरात एखाद्या को-वर्किंगवाल्याकडून टेबल आणि पत्ता भाड्यानं घ्या, किंवा सीए साहेबांना गळ घाला की तुमच्या ऑफिसचा पत्ता लावू द्या. भाडं वर्षाकाठी जेवढं पडेल तेवढा नफा पहिल्या वर्षी होणार नाही, हे गृहीत धरा. आणि हे केलंत तरी मेमोरँडममधला राहण्याचा पत्ता तुमचाच लागतो. तो भाड्यानं मिळत नाही.

कंटाळून कंपनी बंद करायची म्हटलीत तर एसटीके-२ नावाचा अर्ज आहे, फी दहा हजार रुपये. भरणा झालेलं भांडवल तेवढंच होतं ना, हिशोब बरोबर जमतो. मग कुणाची हरकत असेल तर कळवावी म्हणून जाहीर सूचना निघते: संकेतस्थळावर, राजपत्रात आणि जिल्ह्यातल्या मराठी वर्तमानपत्रात. चुलते वर्तमानपत्र सूचनांसकट वाचतात. कंपनीच्या नोंदीपुढं ‘नाव काढून टाकलेली’ असा शेरा पडतो, बाकी नाव, पत्ता, डायरेक्टर सगळं होतं तसं संकेतस्थळावर राहतं. दारावरची पाटी तेवढी तुम्ही काढू शकता. ती काढायला स्टुलावर चढलात की खिशातला मोबाईल वाजेल, आणि तोच गोड आवाज म्हणेल, “सर, कंपनी बंद झाल्याचं कळलं. नवीन काढायची का?”