कोल्हापुरात शहराचे मत वेगळे आणि गावाचे वेगळे?

२०२४ च्या विधानसभा निकालापासून एक विधान कोल्हापुरात पुन्हा पुन्हा ऐकू येते: शहरातला मतदार विकास पाहून मत देतो, गावातला कारखान्याच्या आणि दूध संघाच्या शब्दावर देतो, आणि म्हणून शहर एका पक्षाचे तर ग्रामीण भाग दुसऱ्याचा झाला आहे. मला ते चुकीचे वाटते, आणि गावाकडच्या माणसाला कमी लेखणारेही.

शहर एका पक्षाचे असल्याचे आधी पाहू. कोल्हापूर उत्तर हा शहरी मतदारसंघ २०१९ मध्ये काँग्रेसने जिंकला, २०२२ च्या पोटनिवडणुकीत राखला आणि २०२४ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेकडे गमावला.

गाव नेत्याचा शब्द मोडत नाही, हा दुसरा मुद्दा. २०२४ च्या लोकसभेला राधानगरी या ग्रामीण मतदारसंघाचे शिंदे यांच्या शिवसेनेचे आमदार प्रकाश आबिटकर आपल्याच पक्षाचे उमेदवार संजय मंडलिक यांच्या बाजूने होते, तरी तिथल्या मतदारांनी काँग्रेसच्या शाहू छत्रपतींना मोठे मताधिक्य दिले. त्याच मतदारांनी सहा महिन्यांनी आबिटकरांना पुन्हा निवडून दिले. लोकसभेला शाहू छत्रपती आणि विधानसभेला शिवसेना हाच कौल कोल्हापूर उत्तरनेही दिला, म्हणजे शहरातल्या जुन्या पेठा आणि राधानगरीतली दाजीपूरच्या वाटेवरची गावे एकाच दिशेने वळली. कागल या ग्रामीण मतदारसंघाने मात्र मंडलिकांनाच आघाडी दिली आणि तिथे नेत्यांचा शब्द चालला, हे मान्य करावे लागेल. पण पेठेतही तालीम-मंडळांचा शब्द चालतो. त्याला कोणी मागासलेपण म्हणत नाही.

मुळात गाव कोठे संपते? १९७२ मध्ये महापालिका झाली आणि त्यानंतर कित्येक दशके तिची हद्द वाढली नाही. त्यामुळे पाचगाव, मोरेवाडी, उचगाव येथे अपार्टमेंट उभी राहिली, शहरात नोकरी करणारी कुटुंबे तिथे राहायला गेली, तरी कागदोपत्री ती ग्रामपंचायतीची मतदार राहिली. कोल्हापूर दक्षिणमध्ये तर शहरातले प्रभाग आणि अशी गावे मिळून एकच आमदार निवडतात. तिथल्या निकालातून ग्रामीण मन आणि शहरी मन वेगळे कसे काढणार?

शहर आणि गाव यांच्यात तंटा आहे, तो हद्दवाढीचा. शहराला वाढीसाठी जागा आणि निधी हवा आहे; गावांना घरफाळा वाढण्याची, शेतजमिनीवर आरक्षणे पडण्याची आणि ग्रामपंचायत जाण्याची धास्ती आहे. या तंट्यात एकाच पक्षाचे शहरातले कार्यकर्ते हद्दवाढ मागतात आणि गावातले तिला विरोध करतात.