जुन्या मोटारींना किल्ला नको, रस्ता हवा

पन्हाळ्यावर जुन्या मोटारींचा मेळावा भरवावा, अशी कल्पना कोल्हापुरातील माझ्या मित्रमंडळींत गेल्या दसऱ्यापासून घोळते आहे आणि तिच्या समर्थनार्थ दाखला दिला जातो तो आम्हा परदेशस्थांनी पाठवलेल्या छायाचित्रांचा. इंग्लंडमध्ये किल्ल्यात जुन्या गाड्यांच्या रांगा लागतात, तर आपल्याकडे का लागू नयेत, असे त्यांचे म्हणणे आहे. ते मनापासून विचारतात, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवे.

इंग्लंडमधल्या आमच्या जुन्या मोटारींच्या क्लबची यंदाच्या उन्हाळ्यातली सहल डेव्हनमधील पॉवडरहॅम किल्ल्यावर गेली होती. एक्स नदीच्या खाडीकाठी असलेला हा किल्ला सहाशेहून अधिक वर्षे कोर्टनी घराण्याकडे आहे आणि ते कुटुंब आजही तिथेच राहते, त्यामुळे आपल्या डोळ्यांना तो गडापेक्षा राजवाड्यासारखाच दिसतो. गाड्या उभ्या राहतात त्याही भिंतींच्या आत नव्हे, तर बाहेरच्या विस्तीर्ण, सपाट कुरणावर. त्यांत रोल्स-रॉइस मोजक्याच होत्या. खरी गर्दी होती ती मॉरिस मायनर, ऑस्टिन, ट्रायम्फ अशा एकेकाळी शिक्षक, परिचारिका आणि पोस्टमन वापरत त्या गाड्यांची. आमच्या शेजारी एका वृद्ध दांपत्याची मॉरिस ट्रॅव्हलर होती. तिच्या मागच्या भागाचा सांगाडा ॲश लाकडाचा असतो, इथल्या दमट हवेत त्याच्या खाचांत शेवाळ धरते आणि ते घासून काढून वरचेवर वार्निश द्यावे लागते. गाडी लावल्याबरोबर त्या आजोबांनी पहिले काम केले ते इंजिनाखाली पत्र्याचे पसरट तबक सरकवण्याचे, कारण तेलाचा एक थेंबही गवतावर पडलेला त्यांना चालणार नव्हता.

हे चित्र किल्ल्यामुळे उभे राहिलेले नाही. ब्रिटनमध्ये गाडीला ४० वर्षे झाली की अर्ज केल्यावर रस्ताकर माफ होतो, आणि मागच्या ३० वर्षांत तिच्यात मोठे फेरफार केले नसतील तर वार्षिक तपासणीतूनही सूट मिळते. मात्र गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकावरच राहते. चाळिशीच्या आतल्या जुन्या गाडीची तपासणी दरवर्षी होते, परंतु ती गाडीची अवस्था पाहते, तिचे वय नव्हे. शिवाय पंपावर दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबरोबरच, जुन्या गाड्यांना मानवणारे, पाच टक्क्यांपर्यंतचे पेट्रोलही मिळते, थोडे महाग असले तरी.

आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, हे चांगलेच झाले. पण तिची अट ५० वर्षांची आहे, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. पन्नाशी गाठेपर्यंत तिने जगायचे कसे? पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १०,००० झाले. फियाट, ॲम्बॅसिडर आणि गावोगावच्या जुन्या जीप या मधल्या काळातच भंगारात जातात, आणि त्या बहुतेक साध्या माणसांच्या असतात. जुन्या गाड्या हा श्रीमंतांचा षोक आहे अशी टीका आपल्याकडे होते. हे नियम असेच राहिले तर ती टीका खरी ठरेल.

इथेनॉलचा प्रश्न कोल्हापुरात अधिक नाजूक आहे. उसाच्या बिलावर घर चालणाऱ्या शेतकऱ्याला इथेनॉल नको, असे मी म्हणणार नाही. पण ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या कार्बोरेटरमधले रबर फुगते आणि नळ्यांना चिरा पडतात, हेही तितकेच खरे आहे. शहरातल्या एखाद्या पंपावर जरी कमी इथेनॉलचे पेट्रोल खात्रीने मिळाले, तरी साखर कारखान्यांचे काही बिघडणार नाही.

आता पन्हाळा. तो कुरण नाही. त्यावर नगरपरिषद असलेले नांदते गाव आहे. गडावर जाणारा मुख्य रस्ता जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत खचला तेव्हा गावकऱ्यांनी काय सोसले, ते मित्रांनी जवळून पाहिले आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठा लष्करी भूदृश्यांत पन्हाळ्याचा समावेश झाला, तेव्हा आपल्या घरांवर निर्बंध येतील, ही तिथल्या रहिवाशांची धास्तीही समोर आली. ज्यांना घराच्या दुरुस्तीची चिंता आहे, त्यांच्या दारावरून हौसेच्या गाड्यांचा ताफा नेणे मला पटत नाही. गडाच्या ‘तीन दरवाजा’ या जुन्या प्रवेशद्वाराच्या दगडांवर पडलेले तेल पुसायला कोणाचे तबक पुरणार?

पॉवडरहॅमशी तुलना करायचीच असेल, तर ती १८८४ मध्ये पूर्ण झालेल्या कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याशी करावी, कारण तिथेही छत्रपतींचे घराणे राहते आणि खाली संग्रहालय आहे. शाही दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा तिला पाहायला माणसे कशी दाटीवाटीने उभी राहतात, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. माझी सूचना अशी की, मेळाव्याची सुरुवात शिवाजी उद्यमनगर या शहरातल्या कारखान्यांच्या वसाहतीतून व्हावी. विलायतेत जो सुटा भाग टपालाने मागवून आठवडाभर वाट पाहावी लागते, तसा बुश किंवा पिन तिथला लेथवरचा कारागीर नमुना हातात घेऊन करून देतो. त्या कारखान्यांची दारे त्या दिवशी उघडी असावीत, आरटीओच्या अधिकाऱ्यांना आणि आमदार-खासदारांना तिथेच बोलवावे, आणि ५० वर्षांची अट ४० वर आणून नूतनीकरणाचे शुल्क कमी करावे, असे निवेदन गाडीमालकांच्या सह्यांनिशी त्यांच्या हाती द्यावे.