खापर फोडायला डोकं लागतं

समजा, उद्या तुम्ही निवडून आलात. राज्य तुमच्या हातात आहे आणि हवामान खातं सांगतंय की आठवडाभरात कडाक्याची थंडी येणार. नवशिका पुढारी नेमका इथेच चुकतो. तो वीजकेंद्रांची तयारी बघायला निघतो. असलं काही करू नका. केंद्रं तयार ठेवायला पैसे लागतात, आणि थंडी पडलीच नाही तर ते पैसे कुठे गेले म्हणून विरोधक हिशोब मागतात. त्यापेक्षा दोषी तयार ठेवा. तो फुकट मिळतो आणि गोठत नाही.

या विषयाचं विद्यापीठ म्हणजे टेक्सास, आणि पदवीदान समारंभ फेब्रुवारी २०२१ चा. डॅलसचा पारा उणे १९ अंश सेल्सिअसवर गेला, ४५ लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात बसली, काहींची वीज तीन-चार दिवस आलीच नाही. एक कोटीहून जास्त लोकांना सांगितलं गेलं की नळाचं पाणी उकळून प्या. कशावर उकळायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. या समारंभातून शिकण्यासारखं खूप आहे. वही काढा.

सुरुवात अहवालापासून. तुमच्याआधीही थंडी पडून गेलेली असते आणि तिच्यावर कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं. टेक्सासला डिसेंबर १९८९ च्या थंडीनंतरच सांगून झालं होतं की यंत्रं थंडीपासून जपा. फेब्रुवारी २०११ मध्ये पुन्हा तेच घडलं, आणि या वेळी केंद्राच्या ऊर्जा नियामकांनी तीनशेहून जास्त पानं लिहिली. कुठली नळी गोठली, कुठे आवरण नव्हतं, कुठे ऊब देणाऱ्या तारा बंद होत्या, सगळं तपशीलवार. असा अहवाल नाकारायचा नसतो. नाकारला की बातमी होते. त्याचं मनापासून स्वागत करायचं आणि शिफारशी ऐच्छिक ठेवायच्या. शाळेत ऐच्छिक गृहपाठ किती जणांनी केला होता ते आठवा, म्हणजे या शब्दाची ताकद कळेल.

फक्त एल पासोपासून सांभाळून राहा. हे शहर टेक्सासातच आहे, पण त्याची वीज पश्चिमेकडच्या राज्यांच्या ग्रिडला जोडलेली. तिथल्या मंडळींनी २०११ नंतर खरोखरच खर्च करून यंत्रं थंडीला तयार केली, आणि २०२१ मध्ये तिथे मोजक्याच घरांची वीज गेली, तीही थोडा वेळ. प्रत्येक वर्गात गृहपाठ करून येणारा असा एक आगाऊ पोरगा असतो. त्याला व्यासपीठावर बोलावू नका.

बाकीच्या बहुतेक टेक्सासचं ग्रिड मात्र स्वतंत्र बाण्याचं. तारा राज्याच्या हद्दीबाहेर फारशा जाऊच द्यायच्या नाहीत, म्हणजे वॉशिंग्टनचे बरेचसे नियम लागू होत नाहीत. अडचणीच्या वेळी शेजारची वीजही जेमतेमच येते, पण स्वाभिमानाला किंमत असतेच. माजी गव्हर्नर रिक पेरी त्या आठवड्यात म्हणाले की केंद्र सरकारला कारभारात नाक खुपसू देण्यापेक्षा टेक्सासची जनता तीन दिवसांहूनही जास्त काळ विजेशिवाय राहील. पेरी हे देशाचे माजी ऊर्जामंत्रीही आहेत. जनतेला कोणी विचारलं होतं, असं विचारू नका. तिचे फोन चार्ज नव्हते.

आता मुख्य धडा. दोषी निवडताना चॅनेल बघून निवडावा. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांचा हातखंडा इथे बघण्यासारखा आहे. टेक्सासच्या चॅनेलवर बोलताना त्यांनी सांगितलं की गॅस गोठलाय, विहिरीपाशीही आणि पाइपातही. इथपर्यंत बरोबर होतं. पण देशभर दिसणाऱ्या चॅनेलवर गेल्यावर दोषी बदलला. पवनचक्क्या आणि सौरऊर्जा बंद पडल्यामुळे हे झालं, आणि पर्यावरणवाल्यांची ती 'ग्रीन न्यू डील' नावाची प्रस्तावित हरित योजना देशाला जीवघेणी ठरेल, असं निदान निघालं. त्याच सुमारास हेलिकॉप्टरने बर्फ काढल्या जाणाऱ्या पवनचक्कीचा एक फोटोही फोनाफोनी फिरला. फोटो स्वीडनचा होता, जुना होता. पवनचक्की खरी होती, बर्फ खरा होता, एवढं पुरतं.

पवनचक्क्या गोठल्या नव्हत्या का? गोठल्या की. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या तपासणीत टेक्सास आणि आसपासच्या राज्यांतले बंद पडलेले किंवा अडखळलेले १,०४५ वीजनिर्मिती संच मोजले, त्यातले ५८ टक्के गॅसवरचे निघाले. एका अणुकेंद्रात तर पाण्याचा दाब मोजणारी बारकीशी नळी गोठली आणि अख्खा संच बसला. पण नळीवर भाषण करता येत नाही. पवनचक्की लांबून दिसते, उंच असते आणि तिला मताचा अधिकार नसतो.

गॅसची गोष्ट तर आजीने सांगावी अशी. जमिनीतून गॅस निघतो तेव्हा त्याच्याबरोबर पाणीही येतं. बाहेर कडाका असला की ते विहिरीच्या तोंडाशीच गोठतं आणि गॅस अडतो. जो बाहेर पडतो त्याला पाइपातून पुढे ढकलायला कॉम्प्रेसर लागतात. त्यातले बरेच विजेवर चालतात. वीज कमी पडली म्हणून लोडशेडिंग केलं, त्यात गॅसवाल्यांचीही वीज गेली. गॅस थांबला म्हणून आणखी केंद्रं बसली, म्हणून आणखी लोडशेडिंग. वीज म्हणे, गॅस दे. गॅस म्हणे, आधी वीज दे. यातून सुटायची एक साधी वाट होती. आमची वीज तोडू नका, आम्ही अत्यावश्यक आहोत, असा एक फॉर्म वीज कंपनीकडे भरून द्यायचा. अनेकांनी तो भरलाच नव्हता. काहींना असा फॉर्म असतो हेच ठाऊक नव्हतं. (फॉर्म न भरल्याने माणसाचं रेशन अडतं हे आपल्याला ठाऊक आहे. राज्य अडतं, हे नवीन.)

एवढं करूनही लोक ऐकेनात, तर तुमच्या आणि त्यांच्यामध्ये एक संस्था उभी करा. नाव लांबलचक हवं आणि त्यात 'विश्वासार्हता' हा शब्द हवाच. टेक्सासमध्ये ग्रिड सांभाळणारी एर्कॉट, म्हणजे 'टेक्सास विद्युत विश्वासार्हता परिषद', आहे. १५ फेब्रुवारीला पहाटे दोनच्या सुमारास तिच्या कंट्रोल रूममध्ये फ्रिक्वेन्सीचा काटा (मागणीला वीज पुरेनाशी झाली की हा उतरतो) साठावरून ५९.४ हर्ट्झच्या खाली गेला. तिथे तो नऊ मिनिटं राहिला असता तर उरलेली केंद्रं स्वतःला वाचवायला ग्रिडपासून आपोआप सुटली असती, सगळं ग्रिड कोसळलं असतं आणि ते पुन्हा उभं करायला कित्येक आठवडे लागले असते. ऑपरेटरांनी भराभर वीज तोडायला लावून काटा वर आणला. खाली तो ४ मिनिटं २३ सेकंद होता. वीज आळीपाळीने जाईल असं लोकांना सांगितलं होतं, पण पाळी फिरलीच नाही. ज्यांची गेली त्यांची गेलीच, आणि ह्यूस्टनच्या रिकाम्या ऑफिसांचे मजले रात्रभर लखलखत होते.

एर्कॉटवर चिडायला लोकांकडे कारणं होती. संचालकांपैकी काही तर टेक्सासमध्ये राहतही नव्हते. सोन्याहून पिवळं. राजीनामे घ्या, मुख्य अधिकाऱ्याला काढा, सुधारणांची घोषणा करा. एर्कॉटवर देखरेख करणारा एक आयोग आहे आणि त्याचे सदस्य गव्हर्नरच नेमतात, हा तपशील बारीक अक्षरात राहू द्या. पुढे त्या तिन्ही सदस्यांनीही पद सोडलं. नेमणारे होते तिथेच आहेत.

वैयक्तिक वर्तनाबद्दलही थोडं. टेक्सासातल्याच कोलोराडो सिटी नावाच्या छोट्या गावच्या महापौरांनी फेसबुकवर लिहिलं की बळकट असेल तो तगेल आणि दुबळा मरेल. ही चूक करू नका. असे विचार धोरणात ठेवायचे असतात, पोस्टमध्ये नाही. प्रवासही जपून करावा. टेक्सासचे सिनेटर टेड क्रूझ १७ फेब्रुवारीला मेक्सिकोतल्या कान्कुनच्या समुद्रकिनारी गेले, विमानतळावरचे फोटो फिरले, दुसऱ्या दिवशी परतले. मुलींना सुट्टी होती, चांगला बाप व्हायचं होतं, असं कारण दिलं. मुलींवर खापर फोडण्याची कल्पना वाईट नव्हती. पण घराच्या दाराच्या काचेतून त्यांचा कुत्रा बाहेर बघत होता, त्याचाही फोटो आला. कुत्र्याचं नाव स्नोफ्लेक. पाळीव प्राण्यांची नावं ऋतू बघून ठेवावीत.

बिलांची काळजी करू नका. त्याच आयोगाने हुकूम काढून विजेचा घाऊक भाव मेगावॅट-तासाला ९,००० डॉलरवर नेऊन ठेवला, म्हणजे युनिटला ९ डॉलर. बाजारभावाशी बांधलेली योजना घेतलेल्या एकाला १६,७५२ डॉलर पडले. एका गॅस कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याला तो आठवडा जॅकपॉट लागल्यासारखा वाटला. थंडी सगळ्यांनाच वाईट असते असं नाही.

मृतांचा अधिकृत आकडा २४६ आहे. हा आकडा सभेत घेऊ नका. त्यात गारठून गेलेले आहेत, आणि उबेसाठी घरात जनरेटर किंवा गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून धुरात गुदमरलेलेही. त्यांच्यातल्या कोणाच्या हातात पवनचक्की नव्हती. 'दुर्दैवी घटना' म्हणा आणि पुढच्या मुद्द्यावर या.

पुढचा मुद्दा अर्थातच कायदा. तो करा, सही करताना फोटो काढा. ॲबट यांनी ८ जून २०२१ ला सही केली आणि ग्रिड दुरुस्त करायला जे जे करायचं होतं ते सगळं झालं, असं सांगून टाकलं. सहा दिवसांनी, १४ जूनला, एर्कॉटने लोकांना विनंती केली की वीज जपून वापरा, एसी ७८ फॅरनहाइटच्या खाली आणू नका, कारण बरीच केंद्रं अचानक बंद पडली आहेत. बाहेर ऊन रणरणत होतं. तेव्हा नवा दोषी आत्तापासूनच बघून ठेवा. जूनमध्ये बर्फ मिळत नाही.